गच्चीला कुलूप आणि घरची काटकसर

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्याच्या उपनगरांतील कितीतरी गृहनिर्माण संस्थांनी आपल्या इमारतींच्या गच्च्यांना कायमचे कुलूप लावले आहे. टाक्या साफ करणारा कामगार किंवा केबलवाला आला तरच ते उघडते. मी राहते त्या संस्थेतही आता ‘सुरक्षितता व स्वच्छतेच्या कारणास्तव’ अशी सूचना फळ्यावर लागली आहे, आणि वाळवण, धान्य, कुंड्या, गाद्या यांपैकी काहीही गच्चीवर नेण्यास मनाई झाली आहे. हा प्रश्न एका इमारतीपुरता असता, तर तो मी संस्थेच्या बैठकीतच मांडला असता. परंतु नातेवाइकांकडे व मैत्रिणींकडे विचारले असता जवळपास सगळीकडे हीच परिस्थिती दिसते. काटकसरीने संसार करणाऱ्या घराला उन्हाची आणि मोकळ्या जागेची किती गरज असते, याचा विचार हे निर्णय घेताना झालेला दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

फेब्रुवारीअखेरीस ऊन तापू लागले की पापड, पापड्या, सांडगे, कुरडया, सांडगी मिरच्या यांची आखणी सुरू होते. बाजारात हे सर्व तयार मिळते, हे मला ठाऊक आहे. तरीही घरच्या कुरडयांना लागते ते गहू, मीठ, हिंग, मेहनत आणि ऊन, आणि यांतील ऊन फुकट असते. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, मग ते वाटून चीक गाळून घ्यायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. सकाळी वरचे पाणी अलगद ओतून टाकले की खाली पांढरा, घट्ट चीक राहतो. उकळत्या पाण्यात मीठ-हिंग घालून तो वैरताना एकीने ओतायचा आणि दुसरीने लाकडी दांड्याने सारखा ढवळायचा, कारण क्षणभर हात थांबला तरी गुठळ्या होतात. शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यातून घालावा लागतो. तो निवला की दाबताना मनगटे भरून येतात आणि कुरडईचे तार तुटतात. त्यामुळे स्वयंपाकघर आणि ऊन यांच्यात अंतर थोडे असावे लागते. पातेले झाकून वर न्यायचे, जुन्या धुतलेल्या धोतरावर भराभर वेढे घालायचे आणि संध्याकाळी अर्धवट सुकलेल्या कुरडया हलक्या हाताने उलटायच्या. दिवाणखान्यातील पंख्याखाली किंवा जाळी बसवलेल्या, तासभर ऊन येणाऱ्या बाल्कनीत हे काम होत नाही. आत ओल राहिलेली कुरडई पंधरा दिवसांत डब्यात बुरसते आणि सगळे श्रम फुकट जातात.

या कामात नुकसानही ठरलेले असते. एप्रिल-मेमध्ये दुपारी उकडू लागले आणि पश्चिमेकडे ढग चढले की वळवाचा पाऊस येणार, हे समजते. तरी सगळे आवरून खाली आणेपर्यंत पहिल्या टपोऱ्या थेंबांनी निम्म्या पापड्या विरघळलेल्या असतात. पारवे सांडग्यांत चोची मारून जातात. दिवसभर राखण करायला घरात कोणी नसेल, तर जुन्या मच्छरदाणीचे कापड चारी बाजूंनी विटांनी दाबून वर पसरावे लागते. एवढे होऊनही पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी, भाजीवाल्याकडे पालेभाजी चिखलाने माखलेली आणि दुपटीने महाग असताना, आमटी-भाताबरोबर घरची कुरडई तळून पानात वाढताना जे समाधान मिळते, ते विकतच्या पाकिटातून मिळत नाही.

वर्षाचे धान्य एकदम भरणाऱ्या घरांची अडचण तर आणखी मोठी आहे. हंगामात गहू, ज्वारी, तूरडाळ घेतली की ती किलोमागे स्वस्त पडते, पण तिला दोन-तीन कडक उन्हे दाखवल्याशिवाय डब्यात भरता येत नाही. उन्हाने दाण्यातली ओल जाते आणि किडीचा उपद्रव कमी होतो. नंतर कोणी डाळीला एरंडेलाचा हात लावतात, तर कोणी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात. ऊनच मिळाले नाही तर पोरकिडे आणि टोके होतात आणि घाऊक खरेदीतली बचत उलट अंगावर येते. गाद्या, उशा, गोधड्या आणि लोकरी कपडे यांनाही वर्षातून एक-दोनदा ऊन द्यावेच लागते. पावसाळ्यानंतर घरात येणारा कुबट वास कोणत्याही सुगंधी फवाऱ्याने जात नाही.

गच्चीवरील कुंड्यांविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण संस्थेच्या व्यवस्थापन समितीचा मुख्य आक्षेप त्यांवरच आहे. घरच्या भाजीमुळे महिन्याचा बाजारखर्च निम्म्यावर येतो, असे काही जण उत्साहाने सांगतात. माझा अनुभव तसा नाही. पैशांच्या हिशेबात खरा उपयोग होतो तो कढीपत्ता, कोथिंबीर, पुदिना, गवती चहा, मिरच्या आणि अळू यांचा, म्हणजे जे रोज थोडेच लागते पण जुडीने घ्यावे लागते आणि मग शीतकपाटात सडते, त्याचा. रंगाच्या रिकाम्या बादलीला तळाशी भोके पाडून लावलेला कढीपत्ता आणि मोठ्या डब्यातले अळू एवढे जरी नीट जगले, तरी फोडणीसाठी आणि पातळभाजीसाठी बाजारात जावे लागत नाही. फळभाज्या हा त्याहून अधिक आनंदाचा, पण बेभरवशाचा भाग आहे.

दुधी भोपळ्याचेच पाहा. मृगाच्या पावसाच्या सुमारास बी टोचले की वेल जोमाने चढतो, पांढऱ्या फुलांनी भरतो आणि फळ मात्र धरत नाही. दुधीची फुले संध्याकाळी उमलतात, त्यांचे परागीभवन मुख्यतः रात्री उडणारे पतंग करतात, आणि उंच इमारतीच्या गच्चीवर ते पुरेसे पोहोचत नाहीत. म्हणून तिन्हीसांजेला वर जाऊन नरफूल खुडावे लागते, त्याच्या पाकळ्या काढून पुंकेसर मादीफुलावर हलकेच फिरवावे लागतात. ज्या फुलाखाली बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी असतो, ते मादीफूल. दोन-तीन दिवसांत तो लहानगा दुधी मान खाली घालून वाढू लागला की काम साधले, आणि पिवळा पडला की फसले. साधले तरी फळमाशी आहेच. ती कोवळ्या सालीला भोक पाडून आत अंडी घालते. त्या जागी डिंकासारखा थेंब दिसतो, फळ वाकडे होते आणि आतून सडते. फळ लहान असतानाच त्याला कागदाची किंवा जुन्या मलमलीची पिशवी बांधणे आणि सडलेली फळे तिथेच न टाकता पाण्यात बुडवून नष्ट करणे, हे बिनखर्चाचे उपाय आहेत. घरचे बी धरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. दुधीचा तुकडा आधी चाखावा आणि कडू लागला तर तो दुधी पूर्ण टाकून द्यावा, कारण कडू दुधीच्या रसाने माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत.

बी धरण्यासाठीही ऊन आणि मोकळी जागा लागते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वालांचे आणि भाज्यांचे वाण जपून बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपण सर्वांनी त्यांचे कौतुक केले. त्यांच्याएवढे काम शहरात होणार नाही. परंतु वेलावर वाळू दिलेले घोसाळे हलवल्यावर आत बिया खुळखुळतात, त्या काढून पुढच्या वर्षासाठी राखेत ठेवता येतात आणि राहिलेली जाळी अंग घासायला वापरता येते. एवढे तर कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे.

ओल्या कचऱ्याचेही तसेच आहे. भाज्यांच्या देठांवर आणि सालींवर प्रत्येक वेळी कोरड्या पाल्याचा भरपूर थर दिला, तर घाण वास येत नाही. वास येतो तो पाला कमी पडल्याने आणि पाणी साचल्याने. आपल्या आवारात माघ-फाल्गुनात पानांचे ढीग पडतात, ते उचलून नेण्यासाठी संस्था पैसे मोजते आणि काही ठिकाणी ते पेटवून दिले जातात. उघड्यावर कचरा जाळण्यास घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंदी घातली आहे. पुण्यातच ‘ब्राऊन लीफ’ या उपक्रमाने पाला असलेल्या आणि पाला हवा असलेल्या लोकांची गाठ घालून दिली आहे. तोच पाला जिन्याने वर न्यायला काय हरकत आहे, हे मला समजत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. तांदूळ-डाळींचे धुवण झाडांना चांगले मानवते, पण शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी रोज घातले, तर कुंडीत क्षार साचून मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात. ते पाणी फरशी पुसण्यास वापरावे.

समितीचे आक्षेप मी बाजूला सारत नाही. पहिला आक्षेप गळतीचा आहे. कोब्यावर थेट माती पसरली, पाणी साठू दिले आणि मुळे फटींत शिरू दिली, तर वरच्या मजल्यावरील कुटुंबाला त्रास होणारच. परंतु कुंड्या विटांवर उचलून ठेवल्या आणि पाणी वाहून जाण्याची तोंडे मोकळी ठेवली, तर हा धोका पुष्कळ कमी होतो. उलट, बंद गच्चीवर वाळकी पाने त्या तोंडांशी अडकतात, पारव्यांची घाण साचते, भिंतीच्या फटीत पिंपळाचे रोप रुजते आणि पहिल्या मोठ्या पावसात गच्चीचे तळे होईपर्यंत कोणालाही पत्ता लागत नाही. जिथे रोज कोणीतरी पाणी घालायला जाते, तिथे रोप बोटभर असतानाच उपटले जाते.

दुसरा आक्षेप वजनाचा आहे आणि तो अगदी रास्त आहे. जिच्यावर माणसांची ये-जा असते अशा गच्चीसाठी, तिच्या स्वतःच्या वजनाखेरीज, भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरलेला असतो, आणि फूटभर खोल ओल्या मातीचा वाफा याच जागेत ५०० किलोंच्या आसपास भरतो. म्हणून मातीचे वाफे करूच नयेत, आणि मोठी पिंपे तुळईवर किंवा भिंतीलगत, तीही इमारतीच्या अभियंत्याला विचारून ठेवावीत. हलक्या माध्यमात भाजी पिकवण्याचा मार्ग महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर गच्चीत भाजी पिकवून दाखवली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यापासून कसदार माती तयार करण्याची रीत घरोघरी नेली. त्याच रीतीने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि तेथील कर्मचाऱ्यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवून भाज्या व फळझाडे उभी केली.

तिसरा आक्षेप लहान मुलांच्या सुरक्षिततेचा. त्यासाठी कठडा पुरेसा उंच असावा, टाक्या व सौरबंबाच्या भागाला वेगळी जाळी असावी, आणि सोबत मोठे माणूस असल्याशिवाय मुलांना वर सोडू नये. मात्र जिन्यात धूर भरला तर वरच्या मजल्यांवरील माणसे मोकळ्या हवेसाठी गच्चीकडेच धावतील, आणि त्या वेळी दाराला कुलूप असणे किती घातक ठरेल, याचाही विचार समितीने करावा.

माझी मागणी अवाजवी नाही. सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळेत गच्ची उघडी असावी, नंतरची किल्ली पहारेकऱ्याकडे वहीत नोंद करून मिळावी, वाळवणासाठी एक बाजू आणि कुंड्यांसाठी भिंतीलगतची पट्टी आखून द्यावी, आणि आपण केलेली घाण ज्याची त्याने त्याच दिवशी काढावी. गांडूळखत, सौरऊर्जा व पर्जन्यजल संधारण यांपैकी एक सुविधा असलेल्या मिळकतींना पुणे महापालिका सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सवलत देते. त्याचबरोबर महापालिकेने भारमर्यादा, निचरा आणि कुंड्यांची मांडणी यांविषयी सोप्या मराठीत एक पत्रक काढून ते प्रत्येक संस्थेच्या सचिवांकडे पाठवले, तर समित्यांची निम्मी भीती दूर होईल.

गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या गच्चीला कुलूप आहे, त्यांनी हा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्यासाठी सचिवांना आताच लेखी पत्र द्यावे. सप्टेंबरमध्ये ठराव झाला, तर नियमावली करण्यास आणि निचऱ्याची दुरुस्ती उरकण्यास हिवाळ्याचे चार महिने मिळतील आणि फेब्रुवारीत वाळवणासाठी दार उघडता येईल.

आपली,
एक नियमित वाचक व गृहिणी,
पुणे