ती पानं अजून पेटीतच आहेत

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला चिनी वाद्यवृंदावरचा लेख काल दोनदा वाचला. ‘युरोपची नक्कल आणि वर पक्षाचा प्रचार’ असं म्हणून लेखकाने सगळ्याची एका वाक्यात वासलात लावली आहे. मी 31 वर्षं व्हायोलिन शिकवते. हे मला मुळीच पटलं नाही, आणि रागही आला.

‘बटरफ्लाय लव्हर्स’ हा व्हायोलिन कन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांची मोठी रचना, घ्या. शांघाय कॉन्झर्व्हेटरी या संगीत महाविद्यालयातल्या हे झानहाव (‘हे’ हे चिनी आडनाव) आणि चन गांग या दोन विद्यार्थ्यांनी तो 1959 साली बांधला. पहिल्यांदा वाजवणारी यू लीना तेव्हा 18 वर्षांची होती. साचा युरोपचा खरा, पण सूर चीनमधल्या शाओशिंगकडच्या संगीत नाटकातले. बोट तारेवरून घसरवत त्यांच्या दोन तारांच्या अरहूचा आवाज व्हायोलिनमधून काढायचा असतो. आमच्या मुलांना ते लवकर जमतं, मींड कानात असतेच.

माझ्या एका विद्यार्थिनीने त्याचा सुरुवातीचा भाग चार महिने घोटला. त्यात व्हायोलिन आणि चेलो एकमेकांशी बोलतात. चेलोवाला मिळेना, म्हणून ती ओळ मी हार्मोनियमवर धरायचे. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी संयोजकांचा फोन आला, “बाई, चिनी काही नको. सीमेवर काय चाललंय बघताय ना!” मुलगी काही बोलली नाही. नोटेशनची पानं दुमडून तिने व्हायोलिनच्या पेटीत ठेवली आणि त्या दिवशी दुसरंच काहीतरी वाजवलं. ती पानं अजून पेटीतच आहेत.

आणि गंमत नव्हे, दुःख हे की माओच्या सांस्कृतिक क्रांतीत (1966-76) हीच रचना खुद्द चीनमध्ये बंद होती. चन गांगचे वडीलही संगीतकार, ते त्याआधीच 1961 साली श्रमछावणीत वारले. कॉन्झर्व्हेटरीचे प्रमुख हे लूतिंग (इथेही ‘हे’ आडनावच) यांना क्रांतीच्या काळात टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे उभं करून छळलं, तरी त्यांनी मान तुकवली नाही. या माणसांना ‘पक्षाचे प्रचारक’ म्हणताना लेखकाचा हात अडखळला कसा नाही?

‘यलो रिव्हर कॅन्टाटा’ या समूहगायन आणि वाद्यांच्या रचनेबद्दलही तेच. 1939 साली, जपानशी युद्ध चालू असताना, पॅरिसला शिकून आलेल्या शियान शिंगहायने तो येनानमध्ये, कम्युनिस्टांच्या तळावर, रचला. वाद्यं नव्हती. रॉकेलच्या डब्यापासून मोठं तंतुवाद्य केलं, पत्र्याच्या मगात चमचे खुळखुळवून ताल धरला. आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस त्याच वर्षी येनानमध्ये होते, एवढं तरी मराठी लेखात यायला हवं होतं. या कॅन्टाटावरून पुढे माओची बायको च्यांग छिंग हिच्या हुकमाने संगीतकारांच्या समितीने पियानो कन्चेर्टो बनवला, त्याला प्रचार म्हणा, मीही म्हणेन. दोन्ही एकाच टोपलीत टाकू नका.

जाता जाता, लेखासोबत ‘चिनी गुझंग’ (आडवं ठेवून वाजवायचं तंतुवाद्य) म्हणून छापलेला फोटो त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या जपानी कोतोचा आहे. वाजवणारी बाई किमोनोत आहे, आणि तारा 13 आहेत. गुझंगला हल्ली 21 असतात. मागे सतारीच्या फोटोखाली तुम्ही सरोद लिहिलं होतं, तेव्हाही मी पत्र पाठवलं होतं. ते छापलं नाहीत. हे निदान दुरुस्तीच्या चौकटीत तरी घ्या.

— एक व्हायोलिन शिक्षिका, सोलापूर