तिकीट काढण्याआधी

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

बाबा, तुम्ही अंतराला विमानाच्या वेगाने भागून तास काढलेत आणि तिकिटावरचे तास त्याच्याशी जुळेनात. फोनवर ते नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

ताशी ९०० किलोमीटर हा वेग दहा-बारा किलोमीटर उंचीवर पोचल्यानंतरचा. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांचा वेळ त्या भागाकारात येत नाही. शिवाय वारा. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो. लंडन-न्यूयॉर्क साधारण साडेपाच हजार किलोमीटर. लंडनहून जाताना आठेक तास लागतात, परतताना सातच्या आसपास. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या रेट्याने एक विमान न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आत लंडनला उतरलं होतं. तुम्हाला वाटलं तसा पृथ्वीच्या फिरण्याने थेट फरक पडत नाही, कारण हवाही तिच्याबरोबरच फिरत असते.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असतात, हे तर फारच फसवं. सिंगापूर-न्यूयॉर्क हा जगातल्या सर्वांत लांब थेट प्रवासांपैकी एक, सुमारे १५,३०० किलोमीटर. विमानात अठरा-एकोणीस तास बसावं लागतं. पण दोन्हीकडच्या घड्याळांत बारा-तेरा तासांचा फरक असल्याने नुसत्या वेळा वाचल्या तर सहा तासांचं काम वाटतं!

आई, माझा जीव अडकलाय तो तुझ्या पायांत. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसलं की पायातलं रक्त साकळण्याचा धोका वाढतो, आणि वय झाल्यावर जास्तच. म्हणून थेट विमानाचा माझा आग्रह मी सोडला. मधे एक थांबा घेऊ, तोही ऐसपैस. तासाभरात दुसरं विमान गाठायची धावपळ तुमच्याच्याने होणार नाही. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घेईन, म्हणजे पहिल्याला उशीर झाला तरी पुढची सोय कंपनीला करावी लागते. दोघांसाठी व्हीलचेअर आधीच नोंदवते. नको म्हणू नका. विमानतळावरचं चालणंच फार असतं.

तुला खिडकीची नाही, मधल्या वाटेलगतची खुर्ची घेते, म्हणजे कुणाला न उठवता तुला फेऱ्या मारता येतील. बसल्या बसल्या पावलं वर-खाली करत राहा. आतली हवा फार कोरडी असते. वॉशरूमला जावं लागेल म्हणून पाणी टाळायची तुझी सवय इथे चालणार नाही.

बाबा, औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटांतच, चिठ्ठीसकट ठेवा. घड्याळ बदलल्यावर प्रेशरची गोळी कधी घ्यायची, आईला पायात घट्ट मोजे हवेत का, हे डॉक्टरांना या आठवड्यात विचारून मला कळवा. ते हो म्हणाले की तिकीट काढते.

तुमची,
लेक