रिपोर्ट उघडण्याआधी

गुरुवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय पार्टनर,

परवा फोनवर आपलं भांडण अर्धवट राहिलं. तुझी संध्याकाळची ओपीडी सुरू झाली, तू "बरं बरं, गुरुजी" म्हणून फोन ठेवलास आणि उरलेलं भांडण मी इकडे एकटाच भांडत बसलो. म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास.

तुझं म्हणणं असं की, 'आपण विचार कसा करतो ते बघा' हे पोरांना शिकवणं म्हणजे कॉलेजात बसलेल्यांचे चोचले. दिवसाला ऐंशी पेशंट बघणाऱ्याला विचार करायलाच फुरसत नाही, तो विचारांवर विचार कधी करणार? मी चिडलो, कारण निम्मं मला पटलं होतं.

ते निम्मं आधी कबूल करतो. २०१९च्या बॅचपासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. लॉगबुक, म्हणजे शिकलेल्या कामाची नोंदवही आली आणि लॉगबुकात 'रिफ्लेक्शन' आलं. काय घडलं, त्यातून काय उमगलं, आता पुढे काय, असे साधारण तीन प्रश्न. कल्पना चांगलीच आहे. पण आपल्याकडे ज्या गोष्टीला तारीख आणि सही लागते तिचं जर्नल होतं. फिजिऑलॉजीचं जर्नल आपण कुणाचं बघून उतरवलं होतं ते आठव, म्हणजे पुढचं सांगावं लागणार नाही. पहिल्या वर्षाला 'शव हा आपला पहिला गुरू' अशा विषयावर एक सत्र असतं. त्यावरचे कागद तपासायला ॲनाटॉमीच्या मॅडमनी एकदा मला हाताशी घेतलं. चाळीस कागदांपैकी एकोणीस जणांचं काळीज एकाच वाक्यात, एकाच स्वल्पविरामापाशी हललं होतं. त्यावर कडी म्हणजे, माझं एक सत्र मी रजेवर असल्यामुळे झालंच नव्हतं, तर त्यावरही बारा जणांनी 'या सत्रामुळे रुग्णाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली' असं लिहून दिलं. मी सह्या केल्या. हो, केल्या. गठ्ठा मोठा होता आणि मलाही घरी जायचं होतं. तेव्हा पोरांना नावं ठेवायचा हक्क मला नाही.

आता उरलेलं निम्मं. त्यासाठी तुला एक केस सांगतो. ही मी फोनवर टाळली होती.

गेल्या पावसाळ्यात वॉर्ड डेंग्यूने फुटत होता. खाली गाद्या टाकल्या होत्या. एक बाई आली, तिशी-पस्तिशीची, शेतमजूर. पाच दिवस ताप, डोकं प्रचंड दुखतंय, प्लेटलेट अठ्ठेचाळीस हजार, लिव्हरचे एन्झाइम वाढलेले. मी तिच्या खाटेपाशी पोचण्याआधीच माझ्या तोंडून 'डेंग्यू' निघून गेलं होतं. डेंग्यूची एनएस-वन तपासणी निगेटिव्ह आली. मी म्हटलं, पाचवा दिवस आहे, आता निगेटिव्ह येऊ शकते. दोन दिवसांनी धाप लागली. मी म्हटलं, डेंग्यूत छातीत पाणी होतं. बघ, यातलं एकेक वाक्य पुस्तकात सापडेल. चुकीचं एकही बोललो नाही आणि सगळं मिळून चुकलो.

सिस्टर तिला स्पंजिंग करत होत्या. पडद्याबाहेर येऊन म्हणाल्या, "सर, बाईंच्या छातीखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखं काहीतरी आहे. दुखत नाही म्हणतात." एस्कार! गवतातला बारीक किडा चावतो तिथली काळी खपली, म्हणजे स्क्रब टायफसचा ताप. बाई गवत कापायला जात होत्या. हे आम्ही विचारलंच नव्हतं, कारण डेंग्यूला गवत लागत नाही. डॉक्सीसायक्लिन सुरू केलं, दोन दिवसांत ताप उतरला, आठवड्याने त्या चालत घरी गेल्या. सुदैव त्यांचं आणि त्याहून जास्त माझं.

झोंबलं काय, सांगू? एस्कारची स्लाइड मी दर वर्षी दाखवतो. 'काखेत, जांघेत, स्तनाखाली शोधा, सापडेपर्यंत शोधा' हे माझंच पेटंट वाक्य आहे. म्हणजे माहिती होती. ती उघडून बघायची वेळ आली आहे हेच कळलं नाही. आणि दुसरं, बाईमाणूस, वॉर्डात गर्दी, पडदा एकच, म्हणून मी तपासणी आखडती घेतली आणि 'तपासलं' असं लिहिलं. ते मनाला कळलं होतं. मीच मनाला कळू दिलं नाही.

पुढच्या गुरुवारी पोस्टिंगच्या पोरांना राउंडऐवजी हे सगळं सांगितलं, आत्ता तुला सांगितलं तसंच. कुठल्या क्षणी काय वाटलं, कुठे शंका आली होती आणि ती मी कशी गुंडाळली. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग मागे उभा असलेला एक पोरगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, "सर, मी त्या दिवशी हिस्ट्री घेतली होती. त्या गवताचं बोलल्या होत्या. पण तुम्ही डेंग्यू म्हणालात म्हणून मी लिहिलं नाही." पार्टनर, पाच वर्षांच्या लॉगबुकांत मला इतकं खरं रिफ्लेक्शन मिळालं नव्हतं. आणि ते मी मागितलंही नव्हतं.

तेव्हापासून एक वही सुरू केली. लॉगबुक नव्हे, साधी दोनशे पानी. सही नाही, मार्क नाहीत, माझ्याकडे जमा करायची नाही. नियम एवढाच की, रिपोर्ट उघडण्याआधी तीन ओळी लिहायच्या. मला काय वाटतं, किती खात्री आहे, आणि काय दिसलं तर मी हे मत सोडीन. खात्री आण्यांत लिहायची, सोळापैकी किती. (आणे म्हणजे काय हे समजावण्यात एक अख्खा गुरुवार गेला, ते असो.) सुरुवातीला सगळ्यांचे चौदा-पंधरा आणे. महिन्याभराने वह्यांत सहा, नऊ, सात दिसायला लागले. एका मुलीने पाच आणे लिहिले होते आणि निदान अचूक निघालं, तर ती हिरमुसली: "सर, बरोबर होतं तरी खात्री का नव्हती?" मी म्हटलं, हाच प्रश्न वहीत लिही. तिसरी ओळ मात्र अजून भल्याभल्यांना जमत नाही. मत सोडायची अट आधीच लिहून ठेवायची म्हणजे भांडणाआधी माफीनामा लिहून देण्यासारखं आहे. मलाही जड जातं. मी माझी वही त्यांच्यासमोर लिहितो आणि चुकलेली पानं वाचून दाखवतो. बाकी सगळं त्यावरच उभं आहे, असं मला वाटायला लागलंय.

तू म्हणशील, हा एका गावचा अनुभव झाला. तर ऐक. २०१० साली रॉटरडॅमला सिल्व्हिया मामेदे आणि तिच्या सहकाऱ्यांनी मेडिसिनच्या ३६ रेसिडेंटांवर, म्हणजे पुढचं शिकणाऱ्या डॉक्टरांवर, एक प्रयोग केला. आधी काही केसेस दाखवल्या, मग वरवर तशाच दिसणाऱ्या पण वेगळ्या आजाराच्या केसेस दिल्या. नुकतंच पाहिलेलं निदान पोरं नव्या केसला चिकटवून मोकळी झाली. यात पहिल्या वर्षाच्यांपेक्षा दुसऱ्या वर्षाचे जास्त फसले! थोडा अनुभव आला की नमुने ओळखीचे वाटायला लागतात आणि ओळख झाली की आपण बघणं सोडतो. त्यांनाच मग बाजूची, विरुद्धची लक्षणं लिहून काढत पुन्हा विचार करायला लावला, तेव्हा निदानं सुधारली. तुझ्या बाजूचाही माणूस आहे बरं का. कॅनडातले संशोधक जेफ्री नॉर्मन म्हणतात की चुका बऱ्याचदा ज्ञान तोकडं पडल्यामुळे होतात, नुसतं 'सावकाश विचार करा' सांगून फारसं हाती लागत नाही. मला हेही पटतं. स्क्रब टायफस ज्याने ऐकलाच नाही त्याने कितीही वह्या भरल्या तरी तो काय डोंबल शोधणार?

म्हणून तर अभ्यासाचीही तीच कथा आहे. आमची पोरं नीटच्या कोचिंगमधून आलेली, चार पर्याय दिले की विजेसारखी. कोरा कागद दिला की बावरतात. रात्रभर पुस्तकावर पिवळा, गुलाबी मार्कर फिरवतात आणि पान ओळखीचं झालं की आपल्याला येतं असं समजतात. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी हेच दाखवलं होतं. पुन्हापुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे, पण आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे. आणि 'मला जास्त लक्षात राहील' अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. आणे पंधरा, लक्षात सात. मी हे वर्गात नुसतं सांगितलं नाही, करवून घेतलं. हायपोनॅट्रिमियाचं (रक्तात सोडियम कमी होण्याचं) पान अर्ध्यांनी चार वेळा वाचलं, अर्ध्यांनी एकदा वाचून तीनदा कोऱ्या कागदावर उतरवलं. आठवड्याने वाचणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी होती. तरी दोघांनी दुसऱ्या दिवशी नवे मार्कर आणले. चालायचंच.

आता तुझे ऐंशी पेशंट. ऐंशींवर थांब, असं मी म्हणतच नाहीये. सत्तर-पंचाहत्तर तू डोळे झाकून बरोबर काढशील, तुझा हात तसा आहे. प्रश्न उरलेल्यांचा आणि ते उरलेले कोण हे आतून कळण्याचा. मी पोरांना तीनच खुणा सांगतो. एकाच तक्रारीसाठी माणूस तिसऱ्यांदा आला. त्या माणसाचा आपल्याला राग येतोय. निदान आपलं नाही, कुणीतरी हातात दिलेलं आहे: आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी, रेसिडेंट, नाहीतर सरांचं तोंड. यातलं काही असलं की खुर्चीतून उठायचं, पेशंटला झोपवायचं आणि कपडे बाजूला करून पहिल्यापासून बघायचं. याला चार मिनिटं लागतात. मेटाकॉग्निशन, म्हणजे आपल्याच विचारांवर विचार, हा शब्द फ्लॅव्हेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात रुळवला. आमच्या वॉर्डात त्याला 'खुर्चीतून उठणं' म्हणतात.

आणि खरं सांगू, हे मला कुठल्या वर्कशॉपमध्ये मिळालेलं नाही. फायनल इयरला मी केस सांगून झाली की तू खाटेवर पडल्यापडल्या विचारायचास, "पण तुला कसं कळलं?" उत्तर बरोबर असलं तरी विचारायचास. मी वैतागून उशी फेकायचो. आज तोच प्रश्न मी पोरांना विचारतो. उशी अजून कुणी फेकलेली नाही, पण नजरा तशाच.

म्हणून एक मागणं आहे. एखाद्या गुरुवारी ये. तुझा बाजाराचा दिवस शुक्रवार, म्हणजे गुरुवारी गर्दी कमी असते हे मला माहीत आहे, सबब चालणार नाही. पोरांना माझ्या चुका ऐकून झाल्या. शिवाय ते मला परीक्षक म्हणून बघतात, तुला तसं बघणार नाहीत. इंटर्नशिपनंतरच्या वर्षी रात्री दोन वाजता तू मला त्या मधुमेहाच्या आजोबांचं सांगितलं होतंस, ज्यांचं पोट दुखत होतं, ज्यांना ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं आणि ईसीजी काढला नव्हता. त्या रात्रीनंतर आपण त्यावर कधी बोललो नाही. मी विचारलं नाही, तू काढलं नाहीस. ते सांगायचं की नाही हे तूच ठरव. नाही सांगितलंस तरी ये, वहिनींना घेऊन ये. सकाळची एसटी साडेनऊला पोचते, मी स्टँडवर असेन.

तुझा,
पार्टनर

ता. क. येताना फणसाची साठं आण. दोन पाकिटं. एक वॉर्डच्या सिस्टरांना द्यायचं आहे.