हेल्मेट आली, आता फ्लोमीटर हवेत
रुग्ण कल्याण समिती, उपजिल्हा रुग्णालय यांचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

देणगीदारांनी आपल्या रुग्णालयाला श्वसनाची हेल्मेट दिली, त्याबद्दल समिती मनापासून ऋणी आहे. घशात नळी न घालता, डोक्याभोवती पारदर्शक टोप बसवून दाबाने ऑक्सिजन देण्याची ही पद्धत २०२० मध्ये इटलीतल्या लोम्बार्डीत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. रुग्णाला बोलता येते, चेहऱ्यावर मास्कचे वळ उठत नाहीत.

तरीही ही हेल्मेट आज कपाटात आहेत. टोपात रुग्णाचा उच्छ्वास साठतो. तो बाहेर घालवायला मिनिटाला साधारण ६० लिटर वायू आत सोडावा लागतो, आणि वॉर्डातले वायूचा प्रवाह मोजणारे नेहमीचे फ्लोमीटर १५ लिटरपर्यंतच मोजते. प्रवाह ३० लिटरच्या खाली गेला की रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढू लागतो. बोटावरच्या ऑक्सिमीटरला हे कळत नाही. ऑक्सिजनचा आकडा ९६ टक्के दिसत असतो आणि माणूस गुंगीत जात असतो. अंदाजाने हेल्मेट लावायला आमच्या डॉक्टरांनी नकार दिला तो याचसाठी, आणि समिती ठामपणे त्यांच्या बाजूने आहे.

नुसता ऑक्सिजन ६० लिटरने सोडला, तर ७,००० लिटरचा जम्बो सिलिंडर दोन तासही पुरत नाही. ३० लिटर ऑक्सिजनमध्ये ३० लिटर कॉम्प्रेसरची हवा मिसळली, तर रुग्णाला सुमारे ६० टक्के ऑक्सिजन मिळतो आणि तोच सिलिंडर जवळजवळ चार तास चालतो. एप्रिल २०२१ मध्ये सिलिंडरसाठी रात्रभर वणवण केलेल्या घरांना या वाढीव तासांचे मोल सांगायला नको.

यासाठी प्रत्येक खाटेला दोन मोठी फ्लोमीटर लागतील, एक ऑक्सिजनचे आणि एक हवेचे. सोबत दोन्ही प्रवाह एकत्र करणारी वाय-जोडणी, टोपातला दाब टिकवणारा पीप व्हॉल्व्ह, दाबमापक आणि फिल्टर. आणि फोमचे कानबोळे! टोपात वायूचा आवाज इतका असतो की काही रुग्ण तेवढ्यासाठीच हेल्मेट काढा म्हणतात.

आणखी हेल्मेट कृपया पाठवू नका. वस्तू देणार असाल तर खरेदीआधी आमच्या स्टोअरमध्ये जोडणीचा प्रकार विचारून घ्या. रोख रक्कम नको. समितीच्या नावे धनादेश द्यावा आणि पावती घ्यावी. मीटर अधूनमधून तपासून देणारे बायोमेडिकल इंजिनिअर आणि रात्रपाळीच्या सिस्टरांना प्रवाह लावायला शिकवू शकतील असे अतिदक्षता विभागातले अनुभवी लोक यांनी वैद्यकीय अधीक्षकांच्या कार्यालयात नाव नोंदवावे.