मोठ्या आईचं नाव घेऊ नका

एडिनबरा,
डिसेंबरचा पहिला आठवडा

प्रिय आई आणि बाबा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

परवा आईचा फोन आला तेव्हा मी ड्युटीवर निघायच्या गडबडीत होते, म्हणून नुसतं हो-हो करून ठेवून दिला. पण बसमध्ये बसल्यावर तेच शब्द कानात घुमत राहिले. दादाचं दुकान बसलं, त्यात बाळाचा ताप हटेना, म्हणून तुम्ही त्या बंधूंना प्रार्थनेला बोलावलं. त्यांनी डोळे मिटले आणि सांगितलं की या घरावर करणी झाली आहे आणि करणारी बाई घरातलीच आहे. नाव त्यांनी घेतलं नाही. पण आई, तू 'घरातलीच' म्हणालीस आणि थांबलीस. त्या थांबण्यात मला मोठ्या आईचा, माझ्या थोरल्या काकूचा, चेहरा दिसला. तुलाही तोच दिसला असणार.

हे फोनवर बोलायला गेले तर मला रडू येईल, म्हणून लिहिते आहे.

सैतान वगैरे काही नसतं, असं सांगायला मी बसलेले नाही. विलायतेला जाऊन पोरगी बदलली, असं मनात आणू नका. इथल्या पहिल्या हिवाळ्यात माझे जे हाल झाले ते मी तुम्हाला कधी सांगितले नाहीत. रात्रपाळी करून सकाळी झोपायचं आणि उठेपर्यंत पुन्हा अंधार, कारण डिसेंबरात इथे पावणेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. त्या दिवसांत तीन-चारदा असं झालं की जाग आली, डोळे उघडे, पण हात हलेना, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटे, तोंडातून 'येशू' एवढंही निघेना. डॉक्टरांनी समजावलं की झोप मोडली की असं होतं, मेंदू आधी जागा होतो आणि शरीर झोपेतच राहतं. त्यांनी पाळ्या बदलून घ्यायला सांगितल्या, मी घेतल्या, आणि ते थांबलं. पण आई, त्या दिवसांत मनात एक वाक्य सारखं येत होतं: देवानं तुला टाकून दिलंय. ते पाळी बदलून गेलं नाही. ते खोटं होतं, आणि ते कुणाचं होतं याबद्दल मला शंका नाही. त्याच्याशी मला उठता-बसता वचन घेऊन झगडावं लागलं. मी आत्मिक लढाई म्हणते ती ही.

तेव्हा उशीखाली काय होतं, सांगू? एक्क्याण्णवं स्तोत्र, वहीच्या पानावर लिहिलेलं. ते मला कुणी शिकवलं, आठवतं तुला? उन्हाळ्यात गच्चीवर पाणी शिंपडून आपण अंथरुणं घालायचो. मला टायफॉइड होऊन गेला होता आणि मी अंधाराला फार भ्यायची. मोठी आई माझ्याजवळ आडवी व्हायची आणि एकेक ओळ म्हणून घ्यायची. 'परात्पराच्या गुप्त स्थली' इथे मी रोज अडखळायची आणि ती रोज पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तिच्या बोटांना लसणाचा वास यायचा. ज्या बाईनं मला अंधारात म्हणायचं स्तोत्र दिलं, तिनंच या घरात अंधार सोडला, हे मी कसं मानू?

त्याच स्तोत्राची एक गोष्ट बघा. अरण्यात प्रभूची परीक्षा झाली तेव्हा सैतानानं हेच स्तोत्र वापरलं. मंदिराच्या शिखरावर उभं करून म्हणाला, उडी टाक, दूत तुला झेलतील, तुझ्या पायाला ठेचही लागणार नाही. शब्द पवित्र शास्त्राचेच होते. येशूनं 'अनुवाद' या पुस्तकातलं वचन सांगून त्याला गप्प केलं, की तुझा देव परमेश्वर याची परीक्षा पाहू नकोस. म्हणजे कुणी वचन म्हणतो एवढ्यावरून तो देवाकडून बोलतो असं ठरत नाही. त्या बंधूंनीही स्तोत्र म्हटलं असेल. मग पाचशे रुपयांना तेलाची बाटली का दिली? याकोबाच्या पत्रात तेल आहे, मला ठाऊक आहे, पण तिथे आजाऱ्यानं मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, वडीलधाऱ्यांना बोलवायचं असतं. आपले पाळक साहेब सदरमधून स्कूटरवर येतील, प्रार्थना करतील आणि चहासुद्धा नको म्हणतील.

बायबलमधल्या इफिस शहराची माणसं करणीला आपल्यापेक्षा जास्त ओळखत होती. प्रेषितांच्या कृत्यांचा एकोणिसावा अध्याय बाबांनी आज रात्रीच्या प्रार्थनेत वाचावा. स्किवाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरायला गेले आणि उघडे, घायाळ होऊन त्या घरातून पळाले. मग लोकांनी आपापली जादूची पुस्तकं आणून सगळ्यांसमोर जाळली. त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली, असं लिहिलंय. अशा गावाला प्रेषित पौल पत्र लिहितो, तर त्यात कुणी कुणावर काय केलं ते शोधा, असं एक अक्षर नाही. उलट सहाव्या अध्यायात तो सांगतो की आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. मोठी आई रक्तमांस आहे, आई. ती शत्रू होऊच शकत नाही.

गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले होते. मेलरोझजवळ न्यूस्टेड नावाचं गाव आहे, तिथे रोमन सैन्याचा तळ होता. तिथे सापडलेलं पहिल्या शतकातलं शिरस्त्राण काचेत ठेवलंय. लोखंडी आहे, आणि पुढे माणसाचा चेहराच घडवलाय, कपाळावर कुरळे केससुद्धा. मी बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिले. पौलाच्या त्याच पत्रातलं 'तारणाचं शिरस्त्राण' लहानपणापासून पाठ म्हणत आले, पण ती खरोखर कुणाच्या तरी डोक्यावर चढवायची जड वस्तू होती, हे तिथे जाणवलं. रोमन ढाल लाकडाच्या पातळ थरांवर चामडं चढवून करत. वेढ्यात शिपाई खांद्याला खांदा लावत, पुढचे समोर ढाल धरत आणि मागचे डोक्यावर. एका माणसानं जागा सोडली की बाण तिथूनच आत येई. पौल शिरस्त्राणासोबत सांगतो ती विश्वासाची ढाल मी आजवर माझी एकटीची समजत होते. आपल्या घराच्या रांगेतून मोठ्या आईची ढाल आपणच बाजूला केली, आणि आता बाण कुठून येतो ते शोधतोय.

आणि त्याच पत्रात, चौथ्या अध्यायात, पौलानं ते भोकही दाखवलंय. सूर्य मावळण्याआधी राग सोडा, सैतानाला जागा देऊ नका. आपल्याकडे नऊ वर्षं सूर्य मावळतोय. आजोबांच्या घराची वाटणी झाली आणि अंगणात भिंत उठली. तेव्हापासून नाताळच्या उपासनेला मोठी आई डाव्या बाजूला बसते आणि आपण उजव्या. प्रभुभोजनाला एकाच रांगेत उभे राहतो, पण एकमेकींकडे बघत नाही. करणी शोधायला त्या बंधूंना बोलवायची गरज नव्हती गं. मीही यात आहे. निघताना मी तिच्या पाया पडायला गेले नाही, तू रागावशील म्हणून.

संरक्षण म्हणजे काही वाईट होणारच नाही, असंही धरू नका. बाबा, तुम्ही ज्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकलात ते मिशनरी हिस्लॉप इथल्याच, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचे. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाले, तेव्हा सेहेचाळीसही पूर्ण नव्हते. त्यांचा विश्वास कमी पडला असं कोण म्हणेल? शस्त्रसामग्रीबद्दल लिहिणारा पौल स्वतः बेड्यांत होता. शेवटी तो प्रार्थना मागतो ती सुटकेसाठी नाही, धैर्यानं बोलता यावं म्हणून. दादाचं दुकान कर्जामुळे बसलंय. ते व्याज त्यानं वहिनीपासूनही लपवलं होतं. त्यासाठी प्रार्थना कराच, पण हिशेबाची वही उघडून बसा. सत्यानं कंबर बांधा म्हणतात ते तिथून सुरू होतं. बाळाला मेयो हॉस्पिटलात दाखवा आणि रक्त तपासून घ्या, उशीर करू नका.

आणखी एक, बाबा. कुणाचं नाव घेऊन ही करणी करते असं म्हणणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. पण मला पोलिसांची भीती नाही. मला भीती वाटते ती त्या एकट्या बाईसाठी, जिच्या दारावरून उद्या गल्लीतली पोरं पळत जातील.

आई, नाताळच्या करंज्या करशील तेव्हा एक डबा तिच्यासाठी भर. भिंतीवरून देऊ नकोस, पुढच्या दारानं जा. ती काही बोलेल, ते ऐकून घे. बाबा सोबत असले तर बरं. ती तेलाची बाटली त्या बंधूंना परत देऊन टाका, पैसे मागू नका.

मोठ्या आईचा माझ्याकडचा नंबर लागत नाही. नवा पाठव. रविवारी माझी उपासना संपेल तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच-सहा झालेले असतील. तेव्हा मी तिला फोन करणार आहे.

तुमची लेक