‘२६ इंची’ म्हणून पाठवलेले टायर रिमला बसत नाहीत, ते परत घेण्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री विभाग

महोदय,

आपल्या वेबसाइटवरून मी माझ्या माउंटन बाइकसाठी दोन टायर ट्यूबसह मागवले. ते रिमला बसत नाहीत आणि आपले कस्टमर केअर ते परत घ्यायला तयार नाही. त्यांचे मुख्य म्हणणे: ‘तुम्ही २६ मागवले, आम्ही २६च पाठवले.’ माझी तक्रार नेमकी या वाक्याबद्दल आहे.

सायकल जुनी आहे, २६ इंची चाकांची. रोज वारज्याहून कर्वे रस्त्याने शिवाजीनगरला ऑफिसात जाते, डोंगर तिने सोडून बराच काळ झाला. अशा वापराला २.१० इंच रुंदीचे नॉबी (जाड गाठींचे) टायर म्हणजे पायांना फुकटचा भार. डांबरावर ते घरघरत राहतात, निम्मा जोर त्या गाठी दाबण्यात जातो आणि वळणावर गाठी वाकल्या की चाक सरकल्यासारखे वाटते. डांबरावर रबर जितके सलग टेकेल तितकी पकड चांगली. म्हणून मला मधोमध गुळगुळीत पट्टा असलेला, १.५० ते १.७५ इंच रुंदीचा टायर हवा होता. त्याहून बारीक घेण्याची सोय इथे नाही. खड्डे, पेव्हर ब्लॉकच्या फटी आणि रस्त्याच्या पातळीखाली गेलेली चेंबरची झाकणे आहेतच. (आपल्या जाहिरातीत ‘पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचां’चे फार कौतुक आहे. सायकलच्या वेगाला एवढा अरुंद टायर पाण्यावर तरंगतच नाही, त्या खाचा शोभेच्या आहेत. असो.)

ऑर्डर देण्याआधी मी आपल्या चॅटवर जुन्या टायरच्या कडेचा फोटो पाठवला. त्यावर ‘५४-५५९’ आणि ‘२६ × २.१०’ हे आकडे स्पष्ट वाचता येतात. याच रिमला बसणारा स्लिक, म्हणजे गुळगुळीत टायर हवा, असेही लिहिले. उत्तर आले: ‘हो सर, बसेल. २६ म्हणजे २६च.’ सोबत लिंक. त्या पानावर ‘माउंटन बाइक, सिटी स्लिक, २६ इंच’ एवढेच लिहिले आहे. दुसरा एकही आकडा नाही.

पार्सल आले तेव्हा टायरच्या कडेवर उमटवलेले दिसले ‘२६ × १ ३/८’, आणि त्याखाली बारीक आकड्यांत ‘३७-५९०’. म्हणजे लेडीज सायकलला सर्रास लागतो तो टायर. ५५९ आणि ५९० हे टायर रिमवर जिथे बसतो तिथले, कडेच्या तारेचे व्यास आहेत, मिलिमीटरमध्ये; त्याआधीचा आकडा टायरच्या रुंदीचा, तोही मिलिमीटरमध्ये. व्यासातला फरक ३१ मिलिमीटरचा. चढवायला लिव्हर लागलाच नाही. सैल बांगडीसारखा टायर आल्या वाटेने निघून आला. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी त्यात हवा भरून पाहायलाही नकार दिला आणि ते योग्यच होते. ट्यूब बाजूने बाहेर येऊन फुटली असती. एखाद्या नवख्याने तो कसाबसा बसवून रस्त्यावर काढला, तर जबाबदारी कोणाची?

‘२६ इंच’ हा हवा भरलेल्या टायरचा बाहेरचा ढोबळ व्यास आहे आणि त्या नावाखाली वेगवेगळ्या मापांचे रिम येतात. दशांशात लिहिलेला २६ × १.७५ हा ५५९च्या रिमचा. तोच अपूर्णांकात २६ × १ ३/४ लिहिला असेल तर ५७१चा. गणितात दोन्ही एकच, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. उलट २९ इंची आणि ७०० सी ही नावे वेगळी, पण रिम दोन्हींचे ६२२चेच. सायकलचे टायर विकणाऱ्या कंपनीला हे मी सांगावे लागू नये. तो तीन अंकी आकडा आपल्याच टायरवर आहे. वेबसाइटवर टाकायला अडचण काय, ते कळत नाही.

परताव्याची विनंती आधी ‘पॅकिंग उघडले आहे’ म्हणून फेटाळली, नंतर ‘वापरलेला माल’ म्हणून. जो टायर रिमवर टिकत नाही तो वापरणार कसा? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीत सांगितल्यासारखा किंवा कबूल केल्यासारखा माल नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे, हेही त्याच नियमांत आहे.

तेव्हा ४०-५५९ किंवा ४७-५५९ मापाचे दोन स्लिक टायर बदलून द्यावेत. साठा नसेल तर ट्यूबसह पूर्ण रक्कम परत करावी. ट्यूबही त्याच चुकीच्या मापाच्या आहेत. नेण्या-आणण्याचा खर्च कंपनीने सोसावा. आणि ते पान आजच दुरुस्त करावे, कारण माझा परतावा झाला तरी ‘माउंटन बाइक’ वाचून तोच टायर मागवणारे थांबणार नाहीत. मुदतीत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे.

टायर मूळ खोक्यात बांधून ठेवले आहेत. कुरिअरवाल्याला संध्याकाळी सातनंतर पाठवावे, दिवसा घरी कोणी नसते.

आपला,
एक ग्राहक, वारजे, पुणे

सोबत: बिलाची प्रत, चॅटचे स्क्रीनशॉट, जुन्या व नव्या टायरच्या कडांचे फोटो