टीव्हीवर न दिसणारा चढ

नीस, ६ ऑक्टोबर

प्रिय बंड्या,

काल मोनॅकोला जाऊन आलो. रविवारी टीव्हीवर फॉर्म्युला वन मोटारींची रेस लागली की तुमच्या दिवाणखान्यात आपण ठाण मांडायचो आणि काकू जेवायला हाका मारून दमायच्या, तेव्हापासूनचं मनात होतं. पण त्या टीव्हीने आपल्याला चक्क फसवलं रे! सेंट देव्होतचं वळण संपलं की कसिनोपर्यंत जो रस्ता सपाट दिसतो, तो पर्वती चढल्यासारखा दम काढतो. गावातल्या रस्त्यांवरूनच जाणारी रेसची ३.३३७ किलोमीटरची एक फेरी मला थांबत-थांबत सव्वा तास पुरली. ते रेसवाले अशा ७८ मारतात. हेअरपिनला, म्हणजे त्या केसांच्या पिनेसारख्या वळणाला, लाल-पांढरा काठ आहे, तस्साच. रेसमध्ये इथे गाड्या ताशी जेमतेम ५० वर येतात. काल तिथून सिटी बस वळत होती आणि आत एक आजी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन निवांत बसल्या होत्या.

अख्खा देश २ चौरस किलोमीटरच्या आसपास, तोही डोंगराच्या उतारावर. म्हणून गावभर सार्वजनिक लिफ्ट आहेत, फुकट. सगळ्या श्रीमंतीत मला आवडली ती हीच. रेल्वे स्टेशनही डोंगराच्या पोटात आहे आणि बाहेर पडायच्या वाटा अनेक. मी अर्थात चुकीची धरली. राजवाड्यासमोर ११.५५ला पहारा बदलतो, आम्ही पोचलो तेव्हा गर्दी पांगत होती. मंजू दिवसभर फक्त ‘लिफ्ट’ म्हणायची आणि माझ्याकडे बघायची.

त्याच चौकात साधूच्या वेशातल्या एका माणसाचा पुतळा आहे, झग्याआड तलवार. १२९७ साली फ्रान्स्वा ग्रिमाल्दी असाच साधू बनून किल्ल्यात शिरला आणि किल्ला घेतला. शुद्ध गनिमी कावा! आजचं राजघराणं ग्रिमाल्दीच, आणि त्यांच्या राजचिन्हावर तलवारी उपसलेले दोन साधू आहेत.

कसिनो बाहेरूनच पाहिला म्हण ना. आतल्या दालनात डोकावलो, छत बघितलं, परत फिरलो. गंमत म्हणजे मोनॅकोच्या नागरिकांना तिथे जुगार खेळायला बंदी आहे. पाहुण्यांनी हरायचं. त्या कमाईवर १८६९मध्ये राजाने प्राप्तिकरच उठवला.

कॅथेड्रलमध्ये मात्र पाय रेंगाळला. हॉलिवुडची नटी ग्रेस केली हिचं मोनॅकोच्या राजाशी, रेनियेशी, लग्न १९५६मध्ये इथेच झालं, आणि १९८२मध्ये तिला पुरलंही इथेच. जमिनीतली साधी फरशी, वर लॅटिनमध्ये तिचं नाव, ‘ग्रातिया पात्रिसिया’. शेजारी राजा रेनिये. हॉलिवुडचं नावसुद्धा नाही. समुद्राच्या कड्यावरचं १९१०चं सागरी संग्रहालय मुलांना घेऊन यायच्या लायकीचं आहे, आम्ही घाईत उरकलं.

दुपारी कोंदामिन भागातल्या बाजारात बार्बाजुआं खाल्लं. आपल्या करंजीची चुलत बहीण समज, तळलेली, आत पालकासारखी पालेभाजी आणि चीज. नावाचा अर्थ म्हणे ‘जॉनकाका’. मी चार खाल्ले, पाचवा मंजूने काढून घेतला.

तुझ्यासाठी एका दुकानात रेसच्या गाडीचं छोटं मॉडेल हातात घेतलं होतं. किंमत वाचून अलगद जागेवर ठेवलं. त्याऐवजी हेअरपिनच्या काठावर ठेवलेल्या माझ्या बुटाचा फोटो काढलाय. दिवाळीला येतोय, तेव्हा दाखवतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
मिलिंद